सायकल टूरवरची कॉफी: नदीकाठ, खिंड आणि बिनपाण्याचं पठार

सायकलवर सामान बांधून निघणाऱ्यांना वजनाचं वेड लवकर लागतं. टूथब्रशचा दांडा कापून आणणारे महाभाग आमच्यातही आहेत. पण कॉफीच्या सामानापुरतं तरी ग्रॅम मोजण्याआधी आकार बघा. पाठीवरच्या सॅकमध्ये काहीही कोंबता येतं. सायकलच्या फ्रेमच्या त्रिकोणात बसणाऱ्या फ्रेमबॅगची रुंदी मात्र गुडघे ठरवतात. ती जरा फुगली की दर पॅडलला गुडघा घासतो आणि संध्याकाळपर्यंत तिथली कातडी सोलवटते. त्यात कच्च्या रस्त्यावर दिवसभर हादरे. काचेचं काही नेऊ नका हे सांगायला नकोच, पण मगात सुटा टाकलेला स्टोव्हसुद्धा खडखड करून डोकं उठवतो. आधी रुमाल, त्यात गुंडाळलेला स्टोव्ह, वर लायटर असं भरलं की आवाज बंद.

या वेळी आम्ही तिघं होतो आणि तिघांच्या तीन तऱ्हा. काका वयाने आम्हा दोघांपेक्षा बरेच मोठे, चढावर मात्र कायम पुढे. त्यांच्याकडे एक पातेलं आणि घरून दळून आणलेली कॉफी, बाकी काही नाही. मैत्रिणीकडे एरोप्रेस, म्हणजे दट्ट्याने दाबून कॉफी काढायचं नळकांडं. माझ्याकडे हाताने फिरवायचा ग्राइंडर आणि मगाच्या कडेवर उभा राहणारा तीन पायांचा जाळीचा फिल्टर. हा फिल्टर साधारण ११ ग्रॅमचा, घडी घालून खिशात मावणारा. ग्राइंडर मात्र साडेतीनशे ग्रॅमच्या घरातला. काकांनी तो हातात घेऊन तोलला आणि म्हणाले, "एवढ्या वजनात मी आणखी एक जाकीट आणलं असतं." तेव्हा मी काही बोललो नाही. माझं मत असं, की वजन खर्च करायचंच तर ते ग्राइंडरवर करावं आणि गाळण्यावर वाचवावं.

मार्ग साधा होता. आधी नदीकाठचा मुरमाड रस्ता, मग जंगलातून लांबलचक चढ, अडीच हजार मीटरच्या आसपासची खिंड आणि पलीकडे उघडं, कोरडं पठार. प्रत्येक टप्प्यावर कॉफीची अडचण वेगळी निघाली.

नदीकाठी पाणी भरपूर, पण गढूळ. संध्याकाळीच बाटली भरून उभी ठेवली की सकाळपर्यंत गाळ तळाशी बसतो. वरचं पाणी हलक्या हाताने ओतून घ्यायचं. क्लोरीनच्या गोळ्या वापरत असाल तर कॉफीचं पाणी त्यातून वगळा. गोळीचा वास कॉफीत हटकून उतरतो, आणि हे पाणी तसंही उकळणार आहे. खळखळून एक मिनिट उकळलं की जंतूंचं काम होतं. दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं धरा. ही कच्च्या पाण्याची बाटली वेगळी ठेवा आणि तिला ठळक खूण करा, नाहीतर अर्धवट झोपेत कोणीतरी तीच तोंडाला लावतं. उकळल्याने जंतू मरतात, रसायनं जात नाहीत. शेतं किंवा खाणी यांच्या खालच्या अंगाचं पाणी म्हणूनच टाळलेलं बरं.

इथे पहिली कॉफी काकांची. पातेल्यातली कॉफी म्हटलं की लोकांना कडू काढा आठवतो, कारण बहुतेक जण पावडर टाकून उकळत बसतात. काका तसं करत नाहीत. पाणी उकळलं की पातेलं खाली उतरवायचं, अर्धा मिनिट थांबायचं आणि मग कॉफी घालायची. अर्ध्या लिटरला ३० ग्रॅमच्या आसपास, दळण भरड. एकदा ढवळून झाकण ठेवायचं आणि चार मिनिटं हात लावायचा नाही. वर जो जाड थर येतो तो चमच्याने मोडला की अडकलेला वायू निघून जातो आणि चोथा खाली बसू लागतो. आणखी दोन-तीन मिनिटं धीर धरायचा, मग हळू ओतायचं आणि शेवटचा दोन बोटं द्रव पातेल्यातच सोडायचा. गाळणं लागत नाही, कागद लागत नाही. कॉफी जाडसर लागते, पण कडवट नाही. एक पैसाही खर्च न करता हवी असेल तर हीच पद्धत शिका. बाकीची सगळी उपकरणं हिच्यावरची सुधारणा आहे, आणि काही तर तीही नाहीत.

चढाच्या मुक्कामापर्यंत मात्र काकांच्या कॉफीची चव उतरली. पद्धत तीच होती, पावडर शिळी झाली होती. दळलं की कॉफीचा हवेला लागणारा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो, सुगंध उडून जातो आणि पिशवी रोज उघडबंद केली की ओलही शिरते. त्यावर दोन उपाय. एक म्हणजे ग्राइंडर. दुसरा उपाय शनिवार-रविवारच्या टूरला पुरेसा आहे: निघायच्या आदल्या रात्री कॉफी दळा, एकेका कपाची १५ ग्रॅमची पुडी वेगळी बांधा, त्यातली हवा दाबून काढा आणि लागेल तशी एकच फोडा. पुड्या बांधल्या की वजनकाटा न्यायची गरजही संपते. दाणे नेत असाल तरी पुड्याच बांधा. मगावर २५० मिलीलिटरची खूण असेल तर तेवढं पाणी आणि एक पुडी, हिशोब झाला.

ग्राइंडर घेताना दात पोलादी आहेत का ते बघा. सिरॅमिकचे ग्राइंडर हलके आणि स्वस्त असतात, पण दगडावर पडले की दाताचा टवका उडू शकतो. स्वस्त ग्राइंडरचा खरा दोष आणखी वेगळा: त्यांचा आस डुगडुगतो आणि दळण एकसारखं पडत नाही. त्यातलं पीठ चटकन कडू उतरतं, जाड तुकडे आंबट राहतात आणि दोन्ही एकाच कपात येतात. मग माणूस पाण्याला, दाण्यांना, फिल्टरला दोष देत बसतो. हँडल काढून वेगळं गुंडाळा, नाहीतर ते बॅगेला आतून भोक पाडतं. आणि दळणाची जाडी ठरवणाऱ्या चाकावर टेपची खूण करून ठेवा, कारण दिवसभराच्या हादऱ्यांनी ते हळूहळू सरकतं.

खिंडीत आम्ही वाऱ्यात अडकलो. इथे सगळा खेळ आगीचा. ३०० मिलीलिटर पाणी १० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला, निम्मी उष्णता वाया जाते असं धरलं तरी, साधारण ५ ग्रॅम गॅस पुरतो. म्हणजे १०० ग्रॅमच्या डबीत वीसेक मग व्हायला हवेत. वाऱ्यात हा हिशोब कोसळतो. सायकल आडवी करून तिच्यामागे बॅगा रचल्या की चांगला आडोसा होतो. स्टोव्ह त्यांच्यापासून हातभर लांब ठेवा. पण डबीवर थेट बसणाऱ्या स्टोव्हला चहूबाजूंनी पत्र्याने वेढू नका. आत उष्णता कोंडून डबी तापते आणि ती फुटू शकते. वाऱ्याकडची एकच बाजू झाका आणि मधून मधून डबीला हात लावून बघा. आणि वारा कितीही असला तरी स्टोव्ह तंबूच्या आत पेटवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

थंडीत डबी अर्धमेली का होते तेही समजून घ्या. गॅस द्रवरूपात असतो आणि त्याची वाफ झाली तरच जळतो. साधा ब्युटेन शून्याच्या जेमतेम खाली उकळतो, आयसोब्युटेन उणे १२ च्या आसपास, प्रोपेन उणे ४२ ला. म्हणून ब्युटेनची स्वस्त डबी गोठत्या सकाळी नुसती फुसफुसते. आयसोब्युटेन आणि प्रोपेनचं मिश्रण घ्या आणि रात्री डबी स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी ठेवा. एवढं करूनही अडलीच तर कोमट पाण्याच्या वाडग्यात उभी करा. स्पिरिटचा स्टोव्ह वजनाला काहीच नाही, पण खिंडीत आमच्या शेजारी थांबलेला एक सायकलस्वार त्यावर पाणी तापवत बसला होता आणि आमची भांडी धुऊन झाली तरी त्याचं चालूच होतं. शिवाय वणव्याच्या दिवसांत, ज्यांची आच झडपेने बंद करता येत नाही अशा स्टोव्हना बऱ्याच ठिकाणी बंदी असते.

उंचीवर पाणी लवकर उकळतं हे सगळ्यांना माहीत असतं. कॉफीला त्याने काय होतं याकडे फारसं लक्ष जात नाही. दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. अडीच हजार मीटरवर पाणी ९१-९२ अंशांना उकळतं. म्हणजे घरी "उकळल्यावर थोडं थांबा" हा जो नियम पाळतो, तो इथे सोडून द्यायचा. प्यायचा मग आधी गरम पाण्याने विसळून घ्या, दळण घरच्यापेक्षा थोडं बारीक ठेवा आणि उकळतं पाणी तसंच ओता. फिकट भाजलेल्या दाण्यांचा अर्क निघायला उष्णता जास्त लागते, त्यामुळे डोंगरात मध्यम भाजणी सोयीची. फिल्टरवर आधी दाण्यांच्या दुप्पट पाणी घालून अर्धा मिनिट थांबा. ताज्या कॉफीतला कार्बन डायऑक्साइड फसफसून निघून गेला की पुढचं पाणी नीट मुरतं. वाऱ्यात मात्र जाळीच्या फिल्टरवर पाणी ओतताच निवतं. खिंडीतली सगळ्यात चांगली कॉफी, मान्य करायला हवं, एरोप्रेसची झाली.

ॲलन ॲडलर यांनी २००५ मध्ये बाजारात आणलेलं हे नळकांडं. त्याआधी ते लांबवर उडणाऱ्या चकतीसाठी ओळखले जात. वाऱ्यात त्याचा फायदा म्हणजे पाणी बंद नळीत राहतं, उष्णता धरून ठेवतं आणि दीड-दोन मिनिटांत काम संपतं. चोथ्याची घट्ट चकती एका दाबात बाहेर पडते, धुवायला जवळपास पाणी लागत नाही. कागदी चकत्या विसळून पुन्हा वापरता येतात. तक्रार एकच, आकाराची. दट्ट्याच्या पोकळीत बारीक नळीसारखा ग्राइंडर बसतो, त्यामुळे दोन्ही मिळून एकाच वस्तूची जागा घेतात. तरी ही वस्तू फ्रेमबॅगमध्ये घालू नका. फोर्कवरच्या पिशवीत किंवा सीटबॅगच्या तोंडाशी ठेवा. वाफेच्या दाबावर कॉफी काढणारा मोका पॉट मात्र घरीच बरा. जड असतो, छोट्या स्टोव्हवर डुलतो आणि तेज आचेवर कॉफी करपवतो.

पठारावर पाणी मोजूनमापून होतं आणि उघड्यावर आग पेटवायला मनाई. तिथे रात्री झोपण्याआधी बाटलीत ४०० मिलीलिटर पाणी आणि ३० ग्रॅम भरड कॉफी, जाडसर साखरेच्या दाण्याएवढी दळलेली. सकाळी जाळीतून गाळली की थंड कॉफी तयार. आम्ही ती उन्हं चढण्याआधी प्यायलो आणि पहाटेच सुटलो. यात न उकळलेलं पाणी असतं, म्हणून ते आधी शुद्ध केलेलंच हवं. नळीवाल्या पाण्याच्या पिशवीत हा प्रयोग कधीही करू नका. वास महिनोन्महिने जात नाही आणि पुढे साधं पाणीही कॉफीसारखं लागतं.

इन्स्टंट कॉफीच्या दोन-चार पुड्या मी नेहमी ठेवतो. पावसात भिजून, अंधारात तंबू लावून झाल्यावर कोणी ग्राइंडर फिरवत नाही.

चोथ्याचं काय करायचं हा प्रश्न प्रत्येक मुक्कामाला येतो. "खतच आहे ते, टाका झाडाखाली" असं काका पहिल्या दिवशी म्हणाले. पण कोरड्या किंवा थंड प्रदेशात तो लवकर कुजत नाही, प्राणी त्याच्या वासाने मुक्कामाच्या जागी यायला शिकतात आणि लोकप्रिय जागी रोज दहा जणांनी टाकला तर ढीग होतो. दाबून पाणी काढा आणि झिपच्या पिशवीत सोबत न्या. कॉफी स्वतःच्या वजनाच्या दुप्पट पाणी धरते, त्यामुळे १५ ग्रॅमचा चोथा ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. वजनाच्या हिशोबात हे धरायला लोक विसरतात. भांडी विसळलेलं पाणी ओढ्यापासून निदान ६० मीटर दूर, पसरून टाकायचं.

विमानाने जाणार असाल तर गॅसची डबी हातातल्या सामानातही चालत नाही आणि चेक-इनमध्येही, मग ती अर्धी वापरलेली का असेना. ती उतरल्यावर विकत घ्यावी लागते. काही देशांत आटे असलेल्या डब्यांऐवजी दाबून बसवायच्या डब्या जास्त मिळतात, म्हणून छोटासा अडॅप्टर जवळ असू द्या. स्पिरिटचा स्टोव्ह धुऊन, वाळवून, वास जाईपर्यंत उघडा ठेवून मगच बॅगेत भरा. ग्राइंडर हातातल्या बॅगेत ठेवलात तर तपासणीला तो हमखास उघडायला लावतात. रिकामा आणि पुसलेला असेल तर दोन मिनिटांत सुटका होते.