विशेषण एकटं लिहायचं नाही

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत मला लिहायचं आहे ते आठवीतल्या इंग्रजीच्या वहीबद्दल. सरांचा नियम होता की नवं विशेषण वहीत एकटं उतरवायचं नाही. 'अफ्रेड' लिहिलं की लगेच 'ऑफ', 'सॅटिस्फाइड'पुढे 'विथ', 'अवेअर'पुढे 'ऑफ'. अर्थ त्यानंतर. एकटं विशेषण दिसलं की त्याभोवती लाल गोल पडायचा, अर्थ अचूक असला तरी.

आज इंग्रजी पत्रांचे मसुदे तपासणं हेच माझं काम आहे आणि त्या लाल गोलांची किंमत मला रोज कळते. यातल्या बहुतेक चुका मराठीच्या वळणाने येतात. आपण माणसावर रागावतो, म्हणून 'अँग्री ऑन'. अमक्याशी लग्न होतं, म्हणून 'मॅरिड विथ'. कुणी आपल्यापेक्षा वरिष्ठ असतो, म्हणून 'सीनियर दॅन'. इंग्रजीत मात्र 'अँग्री विथ', 'मॅरिड टू', 'सीनियर टू'. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर ही विशेषणं लॅटिनमधून तुलनेचं रूप घेऊनच आली आहेत आणि ती 'टू' घेतात. सरांनी हे कारणासकट सांगितलं, म्हणूनच ते पक्कं बसलं.

पण त्यांचं शिकवणं पाठांतरापाशी थांबत नसे. एकदा त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'द सेक्रेटरी इज रिस्पॉन्सिबल टू द कमिटी फॉर द अकाउंट्स.' विशेषण एक, शब्दयोगी अव्ययं दोन. 'टू'नंतर येते ती जाब विचारणारी समिती, 'फॉर'नंतर येतात ते ज्यांचा जाब द्यायचा ते हिशेब. मग त्यांनी 'टू' पुसून 'रिस्पॉन्सिबल फॉर द कमिटी' केलं आणि विचारलं, आता कोण कुणाच्या हाताखाली? ज्या समितीपुढे चिटणीस उभा होता, तिचाच भार आता त्याच्यावर आला होता. एवढासा शब्द, पण सगळी उतरंड उलटी झाली. कुठल्याही करारात किंवा नेमणुकीच्या पत्रात मी आजही ही जागा आधी बघतो.

'टायर्ड'चंही तसंच. 'टायर्ड फ्रॉम वॉकिंग' म्हणजे चालून शरीर दमलंय, 'टायर्ड ऑफ वॉकिंग' म्हणजे चालण्याचाच कंटाळा आलाय. असा फरक मला फार सुंदर वाटतो.

शंका आली की सर हॉर्नबींचा शब्दकोश उघडायला लावत. हॉर्नबींनी जपानमध्ये इंग्रजी शिकवलं होतं. परक्या भाषेतून येणारा नेमका कुठे अडखळतो, हे त्यांनी वर्गात पाहिलेलं. ऑक्सफर्डने १९४८ साली काढलेला हा शब्दकोश शिकणाऱ्यांसाठीच रचलेला आहे. विशेषणाच्या नोंदीत त्याचं अव्ययही सापडतं.

'डिफरंट'वर आमचा वर्गात वाद झाला होता. ब्रिटनमध्ये 'टू' ऐकू येतं, अमेरिकेत 'दॅन'. सरांनी दोन्ही ऐकून घेतलं आणि सांगितलं, बोलताना काहीही ऐका, लिहिताना 'फ्रॉम' लिहा, ते दोन्हीकडे चालतं. माझ्या हाताखाली नव्याने येणाऱ्यांना मी हेच सांगतो.