डोळ्यात फूल कसे पडले

माझ्या डोळ्यात हे फूल, म्हणजे पांढरा ठिपका, कसे पडले, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एस.टी.त शेजारी बसणाऱ्या बाया, लग्नघरी भेटणारे पाहुणे, अंगणवाडीत नव्याने येणाऱ्या मुलांच्या आया, सगळ्यांचे लक्ष माझ्या डाव्या डोळ्यातील पांढऱ्या ठिपक्याकडे जाते. पुरुष विचारतात, बैलाचे शिंग लागले का. बाया मात्र आवाज उतरवून विचारतात, ‘घरच्यानं मारलं का?’, आणि मी नाही म्हटले तरी त्यांचा विश्वास बसत नाही. त्या शंकेमागे पुष्कळ बायांचे खरे आयुष्य आहे, म्हणून मला तिचा राग येत नाही. पण जे घडलेच नाही त्याचा ठपका माझ्या नवऱ्यावर राहू नये, असे मला मनापासून वाटते.

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या वावरात ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची सोंगणी चालू होती. परतीच्या पावसाचे आभाळ होते आणि वाळलेल्या शेंगा फुटून दाणे मातीत जाण्याआधी गंजी लावायची घाई होती. मूठभर झाडे धरून मी विळा ओढला, तेव्हा गुंतलेली एक वाळकी काडी उसळून डोळ्यावर बसली. क्षणभर अंधारी आली, पाणी वाहू लागले. सासूबाईंनी पदराचा बोळा तोंडाच्या वाफेने गरम करून डोळा शेकला आणि म्हणाल्या, ‘काही नाही वं, कचरा गेला असन, निंघून जाईन.’ मी उरलेली पात पूर्ण केली. बैलाने मारले असते, तर त्याच घरच्यांनी मला त्याच संध्याकाळी दवाखान्यात नेले असते. काडी लागणे हे मात्र आमच्याकडे लागणेच समजले जात नाही.

डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक पडद्यावर ओरखडा उठला, तर तो बहुधा एकदोन दिवसांत आपोआप भरून येतो, हे खरे आहे. परंतु वाळक्या काडीवर, पानावर आणि भुशावर बुरशीचे बीजाणू असतात, आणि ते ओरखड्यातून आत शिरले की फार सावकाश वाढतात. त्या पडद्यात रक्तवाहिन्या नसल्यामुळे शरीराचा बचावही तेथे उशिरा पोहोचतो. त्यामुळे पहिले तीनचार दिवस डोळा केवळ लाल दिसला आणि खुपत राहिला. दिराने तालुक्याच्या औषध दुकानातून थेंब आणले. ते टाकताच लाली उतरली, ठणका थांबला, आणि आम्ही निश्चिंत झालो. त्या थेंबांत स्टेरॉइड होते, हे पुढे डॉक्टरांनी बाटली पाहून सांगितले. स्टेरॉइड सूज दाबते, पण शरीराचा प्रतिकारही दाबते, आणि बुरशीला मोकळे रान मिळते. नवव्या दिवशी शेजारीण म्हणाली, ‘तुया डोयात फूल पडलं वं.’

डॉक्टरांनी डोळा बधिर करून त्या फुलाच्या जागी झालेल्या व्रणावरचा थर खरवडला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा बुरशीचे धागे दिसले. पाच टक्के नाटामायसिन या बुरशीनाशक औषधाचे थेंब सुरुवातीला दर तासाला, रात्रीसुद्धा, टाकावे लागले. नवरा घड्याळाचा गजर लावून उठत असे आणि माझ्या उशाशी बसून थेंब टाकत असे. ज्याच्यावर लोक संशय घेतात, तो हाच माणूस. व्रण भरायला सहा आठवडे लागले. त्याचा वण बरोबर बाहुलीसमोर राहिला, त्यामुळे त्या डोळ्याने मला आता समोरच्या हाताची बोटे तेवढी मोजता येतात.

त्याच डॉक्टरांनी मला नेपाळमधील भक्तपूरच्या अभ्यासाविषयी सांगितले, आणि ते ऐकून मी त्या रात्री झोपू शकले नाही. तेथे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन, डोळा खरचटलेल्या माणसांना क्लोरॅम्फेनिकॉल या अँटिबायोटिकचे साधे मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस दिले गेले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अशा ४४२ जणांची नोंद आहे, आणि ज्यांचे मलम दुखापतीपासून १८ तासांच्या आत सुरू झाले, त्यांच्यापैकी एकालाही व्रण झाला नाही. मी स्वतः अंगणवाडी सेविका आहे. गावातल्या लेकरांचे वजन आणि लसीकरणाच्या तारखा मला तोंडपाठ असतात, पण हे मला कुणी शिकवले नव्हते. आमच्या प्रशिक्षणात हा एक तास असायला हवा, असे मी प्रत्येक बैठकीत सांगते आणि सांगत राहीन.

गेल्या सोंगणीत आमच्या एका जावेच्या डोळ्याला अशीच काडी लागली. शेकायचे नाही, चोळायचे नाही, दुकानातले थेंब टाकायचे नाहीत, असे बजावून मी विळा तिथेच ठेवला आणि तिला मोटरसायकलवर बसवून पाठवले. डॉक्टरांनी डोळ्यात पिवळा रंग टाकून निळ्या उजेडात पाहिले, तेव्हा ओरखडा हिरवा चमकला. मलम दिले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावले. चौथ्या दिवशी ती वावरात परतली आणि माझ्या शेजारची पात धरली. ती डाव्या बाजूला होती, म्हणून तिचा डोळा पाहण्यासाठी मला पूर्ण मान वळवावी लागली. डोळा स्वच्छ होता.