जहाल मिरची गोव्यात लावायची तर चतुर्थीनंतर

चतुर्थी झाली, पावसाचा जोर उतरला की मिरचीच्या बिया बाहेर काढायच्या. गोव्यात घरच्या घरी बियांपासून जहाल मिरची करायची असेल तर वेळेइतकं महत्त्वाचं दुसरं काहीच नाही असं माझं ठाम मत आहे, आणि ते फोंड्यातल्या आमच्या गच्चीवर बरीच वर्षं मिरच्या लावून लावून झालेलं मत आहे. साध्या मिरचीबद्दल बोलत नाहीये मी, ती काय, न्हाणीच्या पाण्यावर परसातसुद्धा येते. मी म्हणतेय भूत जोलोकिया, कॅरोलिना रीपर, ट्रिनिडाड मोरुगा स्कॉर्पियन असल्या मिरच्या, ज्यांना आता सगळे सुपरहॉट म्हणतात.

यूट्यूबवर यांचे व्हिडिओ भरपूर आहेत पण बरेचसे थंड देशातल्या लोकांचे. जानेवारीत बी पेरा, ट्रेखाली हीट मॅट ठेवा, वर ग्रो लाइट लावा, मे महिन्यात थंडी संपली की रोपं बाहेर काढा. त्यांच्यासाठी ते बरोबरच आहे, त्यांचा झगडा थंडीशी आहे. आपला झगडा ओलीशी आहे. मे महिन्यात बाहेर काढलेल्या रोपावर आपल्याकडे जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस कोसळतो आणि मग चार महिने कुंडीतली माती सुकतच नाही, मुळं कुजतात, फुलं गळतात, आणि एक मिरची हाताला न लागता रोप जातं. हीट मॅटची तर गरजच नाही, या बियांना रुजायला २७ ते ३० डिग्री लागतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तेवढी ऊब आपल्या स्वयंपाकघरात फुकट असते.

हिशोब सोपा आहे. साधी मिरची आठ-दहा दिवसांत उगवते, सुपरहॉटला दोन ते चार आठवडे सहज लागतात, कधी सहासुद्धा, त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात कंटाळून माती फेकून देऊ नका प्लीज. त्यानंतर रोप मोठ्या कुंडीत लावल्यापासून पहिली मिरची लाल व्हायला अजून साधारण १०० ते १२० दिवस. म्हणजे सप्टेंबर अखेरीस पेरलं तर नोव्हेंबर शेवटाला मोठी कुंडी, जानेवारी-फेब्रुवारीत फुलं, ते दिवस आपल्याकडे सगळ्यात चांगले, दिवसा ऊन रात्री गारवा, आणि मार्च-एप्रिलमध्ये मिरच्या पिकायला लागतात. तेव्हा ऊन कडक असतं त्यामुळे सुकवायचं कामही होऊन जातं. जानेवारीत पेरलं की सगळं तीन-चार महिने पुढे सरकतं आणि फुलं नेमकी मेच्या उकाड्यात येतात. तापमान पस्तिशीकडे गेलं की मिरची फूल धरत नाही, गाळून टाकते.

माझी मावशी खोल्याला असते, काणकोण तालुक्यात, तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग आमची मिरसांग पावसात कशी होते गो?" तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. खोल्याची मिरची ही पावसावरचीच मिरची, डोंगराच्या उतारावर लावतात, २०१९ मध्ये तिला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळाला. पण उतार आहे ना, पाणी मुळाशी थांबत नाही, निघून जातं. आणि ती कॅप्सिकम ॲन्यूम जातीची, लवकर येणारी. सुपरहॉट बहुतेक सगळ्या कॅप्सिकम चायनेन्स जातीच्या, हळू वाढणाऱ्या, आणि आपण त्या ठेवतो गच्चीवरच्या कुंडीत जिथे उतार नसतो. मावशीला मी भूत जोलोकियाचं रोप दिलं होतं, तिने पहिली पिकलेली मिरची हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाली, "बाय, ही हुमणात (माशाच्या कालवणात) घातलीस तर माणसं ताटावरनं उठतील." तरी बी ठेवलं तिने, बिया सुकवून चुलीच्या राखेत घोळवून बाटलीत, जसं ती खोल्याच्या मिरचीचं दरवर्षी ठेवते. राखेने ओल धरत नाही आणि कीडही लागत नाही. ही पद्धत मी तिच्याकडूनच उचललीये.

आता बियांबद्दल, कारण इथेच सगळ्यात जास्त फसवाफसवी आहे. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून मी रीपरच्या म्हणून बिया मागवल्या होत्या, रोपं छान झाली, फुलं आली तेव्हाच शंका आली कारण प्रत्येक पेरावर एकच फूल आणि तेही पांढरंशुभ्र, आणि शेवटी लागली ती साधी लांबडी हिरवी मिरची. चायनेन्सचं झाड ओळखता येतं: पानं रुंद आणि थोडी सुरकुतलेली, एका पेरावर दोन-तीन फुलं खाली मान घालून लटकतात, रंग हिरवट पांढरा, आणि फळ धरलं की देठाजवळच्या टोपीखाली आवळल्यासारखी एक बारीक चीर दिसते. आणि पेप्पर एक्सच्या बिया म्हणून कोणी विकत असेल तर सरळ पुढे जा. २०२३ मध्ये गिनीजने तिला जगातली सगळ्यात तिखट मिरची ठरवलं, सरासरी २६,९३,००० स्कोव्हिल (तिखटपणा मोजायचं एकक), पण ती तयार करणाऱ्या एड करीने तिच्या बिया बाजारात आणलेल्याच नाहीत. त्याचीच आधीची रीपर, तिचं २०१७ चं रेकॉर्ड १६,४१,१८३ चं. आणि या सगळ्यांच्या आधी आपली भूत जोलोकिया, २००७ मध्ये १० लाखांचा आकडा ओलांडून गिनीजमध्ये गेलेली. मला विचाराल तर पहिल्यांदा लावणाऱ्याने भूत जोलोकियाच लावावी. आसाम, नागालँड, मणिपूरची मिरची आहे, पाऊस आणि दमटपणा तिच्या ओळखीचा आहे, आणि कोणी ईशान्येकडचं ओळखीचं असेल तर खात्रीचं बी मिळतं.

पेरायचं कसं तर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भिजवून मुठीत घट्ट पिळायचं, एखाद-दुसरा थेंब पडला तर ठीक, धार लागली तर जास्त ओलं. दह्याचे किंवा आइस्क्रीमचे छोटे कप घ्यायचे, तळाला भोकं, बी अर्धा सेंटीमीटर खोल. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवलं तर बरं. कप झाकणाच्या डब्यात ठेवून फ्रिजच्या वर किंवा ओट्याच्या कोपऱ्यात, आणि रोज एकदा झाकण उघडून हवा द्यायची. हे हवा देणं लोक विसरतात. पहिली हिरवी कमान मातीतून वर आलेली दिसली की त्याच दिवशी तो कप डब्यातून काढून उजेडात. उद्या काढू म्हटलं तर तेवढ्यात रोप उजेड शोधत लांबतं, मग त्याची मान कधी सरळ होत नाही. कधीकधी बीचं टरफल दोन्ही पानांच्या टोकावर टोपीसारखं अडकून बसतं, ओढायचं नाही, पाण्याचा एक थेंब त्यावर ठेवायचा, अर्ध्या तासाने मऊ झालं की चिमट्याने अलगद. घाईत ओढलं तर पानंच तुटतात आणि मग ते रोप गेलं.

आणि कोलमडणं! आपल्या दमट हवेत याच्याइतकी रोपं दुसऱ्या कशाने जात नाहीत. संध्याकाळी रोप ठणठणीत असतं, सकाळी बघावं तर मातीलगतचा देठ दोऱ्याएवढा बारीक, तपकिरी, पाणचट झालेला आणि रोप आडवं, पानं मात्र अजून हिरवीच. मातीतली बुरशी ती. आडवं झालेलं रोप वाचत नाही, ते लगेच काढून टाकायचं नाहीतर शेजारचं जातं. उपाय म्हणजे वरून पाणी द्यायचंच नाही, कप पाण्याच्या ताटलीत दहा मिनिटं ठेवून खालून पाणी प्यायला द्यायचं, वरचा थर सुकला की मगच पुन्हा. कोकोपीटमध्ये थोडी ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी बुरशी) पावडर मिसळली तर खूप फरक पडतो, कृषी दुकानात मिळते, महाग नाही.

मोठ्या कुंडीसाठी परसातली माती घेताना विचार करा. आपली तांबडी माती आम्लधर्मी, त्यात ओल आणि ऊब, यात मर रोगाचा जिवाणू छान जगतो, वांगी टोमॅटो मिरची सगळ्यांना तोच मारतो. पानं हिरवी असतानाच झाड भर दुपारी माना टाकतं, संध्याकाळी सावरतं, दोन-तीन दिवसांत सावरणं बंद होतं. खात्री करायची असेल तर बुंध्याजवळचा देठ कापून त्याचा तुकडा काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात लटकवून धरा, हलवू नका. मर असेल तर थोड्या वेळात कापलेल्या जागेतून दुधासारखी पांढरी धार दोऱ्यासारखी खाली उतरताना दिसते. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा अंगावर काटा आला होता. औषध नाही त्याला, झाड मातीसकट बाहेर टाकायचं आणि जिथे आधी वांगी मेलीत तिथली माती कुंडीत घ्यायचीच नाही. मी कोकोपीट, चांगलं कुजलेलं शेणखत, थोडी निंबोळी पेंड आणि मूठभर चुना पावडर असं करते. शेणखताचा अतिरेक नको, झाड पानांनीच भरतं, फूल येत नाही.

कीड ओळखायची सोपी खूण: शेंड्याची पानं वरच्या बाजूला वळून होडीसारखी झाली तर फुलकिडे, खालच्या बाजूला वळली तर कोळी. फुलकिड्यांना संध्याकाळी कडुनिंबाचं तेल, कोळ्यांना पाण्यात विरघळणारं गंधक, पण दोन्ही पाठोपाठ मारू नका, मध्ये दोन आठवडे तरी जाऊ द्या नाहीतर पानं जळतात. चुरडा-मुरडा हा मात्र व्हायरस, पांढऱ्या माशीतून येतो, ते झाड उपटायचं आणि संपलं.

एक गोष्ट सगळे विचारतात, ढोबळी मिरची शेजारी लावली तर ती तिखट होते का? नाही होत. मधमाशीने परागकण इकडचे तिकडे नेले तरी या वर्षीचं फळ त्या झाडाचंच असतं, फरक पडतो तो त्या फळातल्या बियांपासून पुढच्या वर्षी येणाऱ्या झाडात. म्हणून बियांसाठी ठेवायच्या फांदीला कळी असतानाच पातळ जाळीची पिशवी बांधायची, ओटीला देतात तसली चालते, आणि फळ धरलं की दोरा बांधून खूण करायची.

पिकायला लागल्या की बुलबुल येतात. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही, आपल्या जिभेत कॅप्सेसिनला, म्हणजे मिरचीतल्या तिखट द्रव्याला, ओळखणारा जो रिसेप्टर (संवेदना टिपणारा भाग) आहे, ज्याच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं, तो पक्ष्यांमध्ये कॅप्सेसिनला दाद देत नाही. ते मिरची खातात आणि बिया दूर टाकतात, मिरचीचा फायदाच. मी दोन-चार त्यांच्यासाठी सोडते, बाकीच्यांवर जाळी.

कापताना हातमोजे लागतातच, यात शूरपणा नको, आणि पोरं-कुत्री आसपास नकोत. तिखटपणा बियांत नसतो, आतल्या पांढऱ्या शिरेत असतो, ती काढली की बराच कमी होतो. हाताला लागलंच तर आधी खोबरेल चोळा, मग भांडी घासायचा साबण, नुसत्या पाण्याने जात नाही कारण कॅप्सेसिन तेलात विरघळतं. तोंड भाजलं तर दूध किंवा दही. पण एवढं सांभाळून कापलीत की वास येतो तो घ्या, अननस आणि लिंबाच्या सालीच्या मधला काहीतरी, साध्या मिरचीला हा वास नाहीच. लोक या मिरच्या पैजा लावून खातात आणि रडतात त्याचं मला खरंच वाईट वाटतं, इतक्या सुंदर वासाची मिरची आणि चव न घेताच गिळायची. अर्धी मिरची शिरा काढून शागोतीच्या (मटण-कोंबडीच्या गोवन रश्श्याच्या) वाटणात घाला, सहा माणसांच्या, आणि बघा. नाहीतर मिरच्या, लसूण, मीठ वाटून माडाच्या व्हिनेगरमध्ये काचेच्या बाटलीत, महिनाभर मुरली की तळलेल्या बांगड्याबरोबर एक थेंब.

मे संपत आला की झाड टाकून देऊ नका. मिरची वर्षाचं पीक वाटलं तरी हे झुडूप काही वर्षं जगतं. थंड देशातले लोक हिवाळ्यात झाड घरात घेतात, आपण पावसाळ्यात घ्यायचं. सगळ्या फांद्या वीतभर ठेवून छाटायच्या, कुंडी पागोळ्यांपासून आत पत्र्याखाली किंवा बाल्कनीत ओढायची, पाणी अगदी जेमतेम, खत बंद. जुलैभर ते मेल्यासारखंच दिसतं, नखाने साल किंचित खरवडून खाली हिरवं दिसतंय ना एवढंच बघायचं. चतुर्थीच्या आसपास कोवळी फूट येते, तेव्हा वरची दोन इंच माती बदलून शेणखत द्यायचं आणि ऊन दाखवायचं. या झाडाला मुळं तयार असतात त्यामुळे नोव्हेंबरातच फुलं धरतात, नव्या रोपांच्या कितीतरी आधी, आणि मिरच्याही पहिल्या वर्षीपेक्षा जास्त लागतात.