इनटेकमधलं डांबर

मिस्त्रींनी बाबांच्या जुन्या डिझेल गाडीचा ईजीआर व्हॉल्व्ह (धूर परत इंजिनात सोडणारी झडप) खोलला, आत बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. डांबरच! काजळी आणि तेलाची वाफ एकजीव होऊन बसलेली, चिकट.

"धूर परत आत घेते ना गाडी, मग काय होणार?"

नायट्रोजन ऑक्साइड कमी व्हावेत म्हणून थोडा धूर इनटेकमधून, म्हणजे हवा आत जाते त्या वाटेने, पुन्हा इंजिनात सोडतात. त्याचीच ही पुटं.

मी डिझेलच्या टाकीत ओतायच्या, ही घाण साफ करते म्हणतात त्या बाटलीचं विचारलं, तर ते हसले. बरोबरच आहे म्हणा. डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, इनटेकमधून जातच नाही. मग तिथली घाण ते धुणार कसं? क्लीनर मारा, ब्रशने घासा, दुसरा इलाज नाही.

तरी बाटल्या धडाधड खपतात. तुमच्यापैकी कुणाला फरक पडला का हो?