नेदरलँड्सची वृद्धसेवा बघायला जाताय? मग मावशींना सोबत न्या

वृद्धाश्रम, डे केअर, घरपोच नर्सिंग असं काही चालवणाऱ्या आपल्याकडच्या बऱ्याच मंडळींच्या डोक्यात सध्या नेदरलँड्स आहे. सप्टेंबरमध्ये आम्ही पुणे-नाशिकच्या काही संस्थांनी मिळून दौरा केला, आल्यापासून फोन येतायत की काय बघितलं, कसं ठरवलं, खर्च किती, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतेय.

सगळ्यात आधी सांगते, सोबत एक तरी मावशी न्या. म्हणजे रोज आंघोळ घालणारी, भरवणारी, नाइट ड्युटी करणारी. असे दौरे म्हटले की ट्रस्टी जातात, डॉक्टर जातात, आणि परत आल्यावर मावशींना बोलावून स्लाइड्स दाखवतात. आम्ही आमच्या सेंटरच्या सगळ्यात जुन्या मावशींना नेलं आणि दौऱ्यातलं निम्मं शिक्षण त्यांच्यामुळे झालं, हे मी अगदी मनापासून सांगते.

त्यासाठी तयारी मात्र लवकर सुरू करा. पासपोर्ट नसतो, पोलिस व्हेरिफिकेशनला वेळ जातो. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी मिळून असलेला एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि मुंबईत अपॉइंटमेंट मिळणं हेच मोठं काम असतं. मावशींच्या खात्यात फार पैसे नसणार, त्यामुळे संस्थेचं पत्र नीट हवं: किती वर्षं नोकरी, पगार किती, रजा मंजूर, खर्च कोण करणार, परत येऊन कामावर रुजू होणार. तिकडच्या संस्थेचं निमंत्रणपत्रही प्रत्येकाच्या नावानिशी मागा, "शिष्टमंडळ" असं मोघम नको. इन्शुरन्स किमान 30 हजार युरोचा लागतो.

आता मुख्य ठिकाण, होगेवेक. ॲमस्टरडॅमजवळच्या वेस्प गावात आहे, लोकल ट्रेनने वीसेक मिनिटं, स्टेशनवरून चालत जाता येतं. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झालेल्या लोकांसाठी बांधलेली वस्ती, 2009 ची. गल्ल्या, चौक, सुपरमार्केट, रेस्टॉरंट, नाट्यगृह, आणि सहा-सात जण एकत्र राहतात अशी घरं, सुरुवातीला 23 होती. आधी तिथे नेहमीसारखं बहुमजली नर्सिंग होम होतं आणि 1990 च्या दशकात तिथल्याच स्टाफने स्वतःला विचारलं की आपल्या आईवडिलांना आपण इथे ठेवू का, तिथून सगळं सुरू झालं. बांधायला जवळपास 1.9 कोटी युरो लागले, त्यातला मोठा भाग सरकारी. हा आकडा ऐकला की आपली माणसं तिथेच गार पडतात आणि पुढचं काही ऐकत नाहीत.

पण मावशी इमारतीकडे बघतच नव्हत्या. एका घराच्या स्वयंपाकघरात एक आजी बटाटे सोलत बसल्या होत्या, साल इतकी जाड निघत होती की बटाटा निम्मा होत होता आणि एक बटाटा तर त्यांनी दोनदा सोलायला घेतला. शेजारी काम करणारी मुलगी गाजरं चिरत होती, मधूनमधून बोलत होती, पण तिने सुरी काढून घेतली नाही की "राहू द्या मी करते" म्हणाली नाही. जेवण सहाला असतं आणि तयारी चारपासूनच सुरू होती. मावशी मला हळूच म्हणाल्या, "ताई, आपण आजींच्या हातातलं काम काढून घेतो कारण आपल्याला बाराच्या आत वीस ताटं वाढायची असतात." एवढं एक वाक्य. परत आल्यावर आम्ही पहिला बदल केला तो वेळापत्रकात, जेवणाची एकच पंगत मोडून छोटे छोटे गट केले आणि भाजी निवडणं, शेंगा सोलणं हे आजी-आजोबांकडे दिलं. बांधकामाचा एक रुपया लागला नाही.

होगेवेकची भेट सशुल्क असते आणि आधी बुक करावी लागते, असंच जाऊन दार वाजवलं तर उपयोग नाही. राहणाऱ्यांचे फोटो काढायचे नाहीत, ती त्यांची घरं आहेत. आत जायच्या आधी अख्ख्या ग्रुपला हे दोनदा बजावा, कारण आपल्याकडे फोन आपसूक वर जातो.

पैशाचं मात्र खोदून विचारा, आम्ही विचारलं. तिकडे दीर्घकालीन सेवेचा कायदा आहे, 2015 चा, त्याच्या आधीची योजना तर 1968 पासून होती. सगळे कमावते लोक त्यात हप्ता भरतात. माणसाला चोवीस तास सेवेची गरज आहे का हे एक स्वतंत्र सरकारी संस्था ठरवते आणि मग उत्पन्नानुसार प्रत्येकाला आपला वाटा भरावा लागतो. होगेवेकलाही बाकी नर्सिंग होम्ससारखेच याच योजनेतून पैसे मिळतात, म्हणजे ते श्रीमंतांसाठीचं रिसॉर्ट नाही. आपल्याकडे असा विमा नाही, घरचे लोक खिशातून देतात, त्यामुळे त्यांचा ताळेबंद आपल्याला लागूच होत नाही. हे डोक्यात ठेवूनच बघायला जा, नाहीतर नुसती हळहळ पदरात पडते.

बाकीच्या देशांनीही होगेवेक जसंच्या तसं उचललेलं नाही, हे मला फार आवडलं. फ्रान्समध्ये दाक्स इथे 2020 मध्ये अशी वस्ती झाली, साधारण 120 लोकांची, पण रचना त्यांच्या लांद भागातल्या जुन्या गावांसारखी, आणि सुरुवातीपासून त्यावर संशोधन जोडलेलं. ऑस्ट्रेलियात टास्मानियात एक झाली, नॉर्वेत ऑस्लोजवळ एक. प्रत्येकाने आपापल्या गावाचं रूप दिलं. आपल्याकडे करायचंच झालं तर ओटा, पार, देऊळ, कट्टा यातून सुरुवात व्हायला हवी असं मला वाटतं, आणि जिथे जागा नाही तिथे चाळीच्या गॅलरीसारखी सलग गॅलरी तरी.

दारांचा विषयही विचारा. 2020 पासून नेदरलँड्समध्ये सक्तीविरोधी कायदा लागू आहे. दार कुलूपबंद ठेवणं, खुर्चीला बांधणं, शांत ठेवायला औषध देणं, यातलं काही करायचं तर कारण, पर्याय, मुदत सगळं लिहून ठेवावं लागतं आणि पुन्हा तपासावं लागतं. आपल्याकडे पेशंटचा हात कॉटला बांधतात आणि "पडू नये म्हणून" एवढं म्हटलं की विषय संपतो. मला या गोष्टीचा खरंच त्रास होतो. कायदा यायची वाट बघायची गरज नाही, एक रजिस्टर ठेवलं तरी पुष्कळ फरक पडेल, कारण रोज लिहायला लागलं की हात बांधायच्या आधी माणूस थांबतो.

हेगमध्ये एका केंद्रात गेलो ती भेट सगळ्यात जिवंत झाली. सुरीनाममधून (दक्षिण अमेरिकेतली जुनी डच वसाहत) आलेले हिंदुस्तानी लोक तिथे बरेच आहेत, त्यांचे पूर्वज 1873 पासून मजूर म्हणून भारतातून सुरीनामला नेले गेले आणि 1975 च्या स्वातंत्र्याच्या आसपास बरेच जण नेदरलँड्सला आले. त्यांची सरनामी भाषा भोजपुरीच्या जवळची. तिथे काम करणाऱ्या एक ताई सरनामीत आणि आमच्या मावशी पुण्याच्या हिंदीत, दोघींची जी जुळली ती दुभाष्याची गरजच उरली नाही. मॅनेजर लोकांनी सांगितलं नव्हतं ते सगळं तिथे कळलं: नाइटला माणसं कमी पडतात, नवीन मुली टिकत नाहीत, पाठदुखी सगळ्यांना आहे आणि म्हणून पेशंट उचलायला लिफ्टचं यंत्र वापरतात, हाताने कोणी उचलत नाही. मावशींनी साडीचा पदर खोचून आपण पेशंटला कुशीवर कसं वळवतो ते दाखवलं, त्यांनी सरकत्या चादरीचं तंत्र दाखवलं. असं वेळापत्रकात नसलेलं काहीतरी घडायला जागा ठेवा, दिवसाला दोनपेक्षा जास्त भेटी ठरवू नका.

घरपोच सेवावाल्यांनी ब्युर्टझॉर्गची एखादी टीम जरूर गाठावी. 2006 मध्ये योस दे ब्लोक या नर्सने सुरू केलेली संस्था, जास्तीत जास्त बारा जणींची टीम आणि ड्युट्या, नवीन पेशंट, नवीन भरती सगळं त्याच ठरवतात, वर साहेब नाही. फोनवर ड्युट्या वाटणाऱ्या आपल्या नर्सिंग ब्युरोंना हे बघून धक्का बसेल.

आणि ज्यांच्याकडे पैसे, जागा काहीच नाही त्यांनी अल्झायमर कॅफे बघावा. बेरे मीसेन या मानसशास्त्रज्ञांनी 1997 मध्ये लायडनमध्ये पहिला भरवला, आता देशभर दोनशेच्या वर आहेत. महिन्यातून एकदा संध्याकाळी, वाचनालय किंवा समाजमंदिरात, पेशंट, घरचे, शेजारी, कोणीही या, नाव नोंदवायची गरज नाही. आधी एखाद्या विषयावर मुलाखत, मग चहा-कॉफी आणि गाणं, मग प्रश्न. आपल्या प्रत्येक ज्येष्ठ नागरिक संघाकडे हॉल आहे, चहाची किटली आहे, पेटी वाजवणारं कोणीतरी आहे. एवढ्या भांडवलावर हे उद्या सुरू होऊ शकतं.

किरकोळ पण उपयोगी: ट्रेन-बसला साधं काँटॅक्टलेस कार्ड टॅप करून जाता येतं, पण उतरल्यावर पुन्हा टॅप करायलाच हवं आणि एका कार्डावर एकच माणूस, त्यामुळे मावशींना आपापलं फॉरेक्स कार्ड द्या. दुपारचं जेवण म्हणजे ब्रेड आणि चीज, गरम काही मिळेल असं धरू नका, थेपले आणि मेतकूट न्या. 27 एप्रिलला राजाच्या वाढदिवसाची सुट्टी असते, तो आठवडा टाळा. 21 सप्टेंबर जागतिक अल्झायमर दिन, त्यामुळे सप्टेंबरात कार्यक्रम जास्त असतात. रस्ता ओलांडताना लाल पट्ट्यात उभं राहू नका, ती सायकलींची वाट आहे.

परत आल्यावर संबंध टिकवायचा असेल तर महिन्याला एक व्हिडिओ कॉल ठरवून टाका, आणि तो मॅनेजर-मॅनेजरचा नको, काम करणाऱ्यांचा काम करणाऱ्यांशी हवा. आमचा विषय आधी ठरतो, एकदा आंघोळीला नकार, एकदा संध्याकाळची घालमेल, एकदा जेवताना ठसका. सध्या त्यांना आपल्याकडून हवंय ते म्हणजे घरचे लोक इतके रोज येतात ते कसं, कारण तिकडे नातेवाइकांना सेवेत सामील करून घ्यायचे खूप प्रयत्न चाललेत. वेळेचा फरक उन्हाळ्यात साडेतीन तास, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेचार. दुपारी दोनचा कॉल ठरवू नका, आपल्या मावशींची तेव्हा ड्युटी बदलते, साडेतीन बरे पडतात.