मे महिन्यातला पग

आमच्या दवाखान्यात कुत्रं क्वचितच येतं. हिंगणघाट तालुक्याचा हा भाग कपाशीचा. इथे जनावर म्हणजे बैल, गाय, म्हैस, शेळी. पेरणीच्या तोंडावर बैल लंगडला तर मालकाचा जीव टांगणीला लागतो, आणि रात्री-अपरात्री येणारे फोन बहुतेक अडलेल्या गाईचे असतात. मी पशुधन विकास अधिकारी. नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकताना पाळीव कुत्री पुष्कळ हाताळली, पण नोकरी लागल्यावर तो अभ्यास मागे पडला. तो पुन्हा बाहेर काढावा लागला एका हॉटेलामुळे.

हैदराबादहून नागपूरला येताना पांढरकवडा सोडल्यावर वडनेरच्या अलीकडे-पलीकडे राष्ट्रीय महामार्ग ४४ वर बरीच हॉटेलं लागतात. त्यातल्या एका मालकाचा मुलगा पुण्याजवळ वाघोलीला एका कॅफेत कामाला होता. शहराच्या अगदी कडेला, नव्या सोसायट्यांच्या मधोमध असलेला तो कॅफे. रविवारी सकाळी लोक कुत्री घेऊन यायचे. त्यांच्यासाठी वेगळी बसायची जागा, पट्टा अडकवायला कड्या, पाण्याची भांडी, बिनमिठाचं खाणं, अशी सगळी व्यवस्था होती. वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तसा तो गावी परतला आणि बापाच्या हॉटेलात हेच करायचं त्याने मनावर घेतलं. त्याचं म्हणणं साधं होतं. सुट्टीत गाडीत कुत्रं घेऊन घरी निघालेली माणसं या रस्त्यावर पुष्कळ दिसतात, आणि त्यांना कोणी आत घेत नाही. मग एक जण आत जेवतो, दुसरा कुत्र्याला धरून उन्हात उभा राहतो. काही जण तर कुत्रं गाडीतच कोंडून जातात. आपल्याकडच्या उन्हात बंद गाडी दहा-पंधरा मिनिटांत भट्टी होते, काच दोन बोटं उघडी ठेवली तरी फारसा फरक पडत नाही.

बोर्ड लावायच्या आधी तो माझ्याकडे आला, याचं मला मनापासून कौतुक वाटलं. वही घेऊन आला होता. काय खाऊ घालू, काय नको, सगळं त्याने लिहून घेतलं. उकडलेला भात, उकडलेलं अंडं, मीठ-मसाल्याविना शिजवलेलं बिनहाडाचं चिकन, थोडं दही, एवढं पुरे. शिजवलेलं हाड द्यायचं नाही, त्याच्या किरच्या आतड्याला टोचतात. द्राक्षं, मनुका, चॉकलेट अजिबात नाही. आणि कांदा-लसूण तर नाहीच, कच्चा नाही की शिजलेला नाही. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आपल्याकडे रस्सा म्हटला की कांदा-लसणाचं वाटण आलंच, म्हणून ताटातलं उरलंसुरलं कौतुकाने पुढे सरकवायची सवय आधी मोडायला सांगितली. स्वयंपाकघरात कोणतंही जनावर येता कामा नये, हा तर अन्नसुरक्षेचा नियमच आहे. रेबीजच्या लसीचं कार्ड बघितल्याशिवाय कोणाचंही कुत्रं आत घ्यायचं नाही, हेही ठरलं.

राहता राहिली हॉटेलच्या मागे उष्ट्यावर जगणारी गावठी कुत्री. पाहुण्यांचं कुत्रं पाहून अंगावर धावणार ती तीच. त्यांना हाकलून उपयोग नसतो, जागा मोकळी झाली की दुसरी येतात. त्याने रोज टोस्ट टाकून त्यांना हाताशी आणलं आणि मी एकेकाला धरून रेबीजची लस टोचली. कामाच्या व्यापात एवढं जमलं याचंच समाधान होतं.

मग मे उजाडला आणि महिन्याच्या शेवटी नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, सुरू झाला. सकाळीच एका वाडीवर शेळीची अडलेली वीण सोडवली, दोन्ही पिलं जिवंत निघाली. हात धुऊन गाडीला किक मारते तोच त्या मुलाचा फोन.

"मॅडम, लवकर या जी. पाहुण्याचं कुत्रं पडलं. तोंडातून फेस येऊन रायला."

"कोणतं कुत्रं?"

"पग हाय. चपट्या नाकाचं."

एवढं ऐकलं आणि उरलेलं मला कळलं. पग, बुलडॉग, शित्झू या जातींचं तोंड माणसाने आपल्या हौसेपायी पिढ्यान् पिढ्या आखूड केलं आहे. नाकपुड्या चिमटल्यासारख्या, टाळूचा मऊ भाग लांब, घशात सगळी दाटी. आणि कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते गार होतं धापा टाकून, जिभेवरचं आणि श्वासमार्गातलं पाणी हवेत उडवून. ज्याला धड श्वासच घेता येत नाही, ते विदर्भातल्या मे महिन्यात स्वतःला गार करणार कसं? मी फोनवरच सांगितलं, "त्याला कुलरच्या खोलीत ने. बोअर चालू कर आणि ताजं पाणी अंगावर ओत. छतावरच्या टाकीचं ओतू नको. तोंडात काही घालू नको."

पोचले तेव्हा हॉटेलात गर्दी गोळा झाली होती. कुत्र्याचं नाव लाडू. हैदराबादला नोकरी करणारं नागपूरचंच जोडपं लग्नासाठी घरी निघालं होतं. वाटेत गाडीचा एसी बंद पडला. तरी पुढे जाऊन नीट थांबू, म्हणून बोर्ड पाहून इथवर आले. अंगणात शहाबादी फरशी होती. गाडीतून उतरवल्यावर लाडू त्या फरशीवर जेमतेम काही पावलं चालला आणि कोलमडला.

तो आडवा पडला होता. जीभ जांभळट, हिरड्या विटेसारख्या लाल, लाळ चिकट दोरीसारखी लोंबत होती. घशातून घरघर. डोळे उघडे, पण ओळख नाही. थर्मामीटर लावला तर १०७.६. निरोगी कुत्र्याचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०६ च्या वर गेलं की मेंदू, किडनी, आतडी, रक्त गोठण्याची यंत्रणा, सगळंच बिघडायला लागतं.

मुलाने सांगितलं तसं पाणी ओतलं होतं, पण कोणीतरी काळजीने लाडूवर ओला टॉवेल पांघरला होता. तो मी आधी काढला. अंगावर पडून राहिलेला टॉवेल थोड्याच वेळात गरम होतो आणि आतली उष्णता बाहेर पडू देत नाही. पोट, काखा, जांघा, पंजे यांवर बोअरचं पाणी पुन्हा पुन्हा ओतायला लावलं आणि त्याला थेट कुलरसमोर ठेवलं. पत्र्याचा मोठा कुलर होता, नवीन वाळा भरलेला. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात कुलर जसा पाणी उडवून हवा गार करतो, तसंच ओल्या अंगावरून वारा गेला की अंग गार होतं. जे काम लाडूचं नाक करू शकत नव्हतं ते तो कुलर करत होता. हेच जूनच्या दमट दिवसांत घडलं असतं तर कुलरचा एवढा उपयोग झाला नसता. म्हणून मृगाचा पहिला पाऊस पडून उकाडा वाढतो तेव्हाही कुत्र्यांची काळजी कमी करायची नसते.

तेवढ्यात शेजारच्या घरातल्या एक आजी वाटीत किसलेला कांदा घेऊन आल्या. "अवं बाई, उन्ह लागलं त्याले. कांदा घास तळव्याले अन् रस पाज."

त्या माऊलीचा जीव त्या अनोळखी कुत्र्यासाठी तुटत होता. आपल्याकडे ऊन लागलं की घरोघरी कांदाच आठवतो, लोक खिशात कांदा ठेवून शेतात जातात. मी म्हटलं, "आजी, माणसाले चालते, पण कुत्र्याले कांदा बाधते जी. अन् बेशुद्ध हाय तो, काहीबी पाजलं तर फुप्फुसात जाईन. तुम्ही असं करा, रांजणातलं पाणी आणून द्या." त्यांनी वाटी बाजूला ठेवली आणि घागर आणून स्वतःच ओतू लागल्या.

लाडूच्या मालकिणीच्या हातात तापाची गोळी होती. "चुरून देऊ का?" तिने विचारलं. तिलाही थांबवलं. उष्माघात म्हणजे ताप नव्हे. तापात शरीर स्वतः तापमान वाढवून घेतं. इथे बाहेरची उष्णता अंगात साठलेली असते. ती गोळीने उतरत नाही, आणि माणसाची गोळी कुत्र्याच्या लिव्हरला भारी पडू शकते.

आता सलाईन लावायचं तर माझ्या पेटीतल्या सुया बैलाच्या. त्या जाडजूड सुया पगच्या पायात कुठे घालणार? गावातल्या मेडिकलवाल्याला फोन केला. त्याने लहान मुलांना लावतात ती निळी, २२ नंबरची इंट्राकॅथ पोराच्या हाती सायकलवर पाठवली. पुढच्या पायाचे केस कापले, शीर दबलेली होती, बोटाने चाचपून सापडली. सलाईनची बाटली धरायला स्टँड नव्हता, एका ट्रक ड्रायव्हरने ती हात उंच करून धरली आणि संपेपर्यंत हात खाली केला नाही. दर पाच मिनिटांनी मी थर्मामीटर लावत होते. १०६. १०५.२. १०४.४. १०३.५ ला पाणी ओतणं थांबवलं, कारण त्यापुढेही गार करत राहिलं तर तापमान गरजेपेक्षा खाली घसरतं आणि नवीनच संकट उभं राहतं.

हे चालू असताना मागून एक चढा आवाज आला. "इथं माणसाईनं जेवाचं का कुत्र्याईनं? माह्या पोराले मागच्या साली कुत्रं चावलं. सुया घेता घेता हाल झाले त्याचे."

सात-आठ वर्षांचा तो मुलगा बापाच्या मागे लपला होता, पोटरीवर दातांचे व्रण स्पष्ट दिसत होते. मी हातातलं काम न सोडता मालकिणीला लाडूचं लसीचं कार्ड त्या बापाला दाखवायला सांगितलं. त्यांनी पाहिलं, पण त्यांचं समाधान झालं नाही. लेकरांना घेऊन ते आतल्या खोलीत जाऊन बसले. मला त्यांचा राग आला नाही, आजही येत नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. कुत्रं चावल्याबरोबर जखम पंधरा मिनिटं साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुणं आणि लसीचे सगळे डोस, डॉक्टरांनी सांगितलं तर रेबीजचं सीरमही, वेळेवर घेणं, एवढंच आपल्या हातात असतं. आमच्या खेड्यांत कुत्र्याची भीती आहे ती अशी अनुभवातून आलेली. वाघोलीच्या कॅफेत येणारा प्रत्येक जण तिथे कुत्री असतात हे ठरवून, जाणून येतो. महामार्गावरच्या हॉटेलात भुकेला माणूस येतो, त्याला बाहेर दुसरं हॉटेल शोधत फिरा असं सांगता येत नाही. कुत्र्यांचं स्वागत करायचं तर त्या मुलालाही निर्धास्तपणे जेवता आलं पाहिजे, आणि ही जबाबदारी हॉटेलची आहे, त्या बापाची नाही.

थोड्या वेळाने लाडूने मान उचलली. मालकिणीने हाक मारली तर शेपटीचं वळण हललं. ती रडायला लागली. "वाचेल ना हो डॉक्टर?" मी खोटा धीर दिला नाही. पोटाच्या कातडीवर मला बारीक लाल ठिपके दिसले होते, म्हणजे रक्त गोठण्यात गडबड सुरू झाली असावी. उष्माघातातून उठलेलं कुत्रं पहिले दोन दिवस कधीही दगा देऊ शकतं. रक्त, किडनी, लिव्हर तपासायची सोय इथे नव्हती. नागपूरला न्यायलाच हवं होतं, आणि तेही एसी गाडीतून. जेवून नागपूरला परत निघालेल्या एका कुटुंबाने आपल्या गाडीत जागा करून दिली. मालकीण सलाईन लावलेल्या लाडूला मांडीवर घेऊन बसली, नवरा आपली गाडी घेऊन मागून निघाला. मी केलेल्या उपचारांची चिठ्ठी, तापमानाच्या वेळांसकट, लिहून दिली.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. प्लेटलेट्स घसरल्या होत्या, त्या वर येत होत्या. किडनी सुरळीत होती. लाडूने भात-अंडं खाल्लं होतं.

त्याच आठवड्यात तो मुलगा पुन्हा वही घेऊन आला. मी त्याला दुपारी अंगणातच नेलं आणि हाताची उलटी बाजू फरशीवर ठेवायला सांगितली. सात सेकंदही हात टिकला नाही, तर पंजे कसे टिकणार? त्याने शहाबादी उखडली. कडुनिंबाखालची जमीन मुरूम टाकून सारखी केली, वर हिरवी जाळी ताणली. कुत्र्यांच्या बसण्याच्या जागेला रस्त्याकडून वेगळं फाटक केलं, म्हणजे जेवणाऱ्या कोणाच्या जवळून कुत्रं जाणार नाही. एप्रिल-मेमध्ये अकरा ते पाच अंगण बंद, फक्त कुलरची खोली उघडी. छतावरच्या टाकीऐवजी थेट बोअरला जोडलेली एक तोटी बसवली. वडील सुरुवातीला खर्चावरून कुरकुरले, नंतर जाळी बांधायला स्वतःच शिडीवर चढायला निघाले, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असून. मुलाने धरून खाली बसवलं.

सप्टेंबरच्या २८ तारखेला जागतिक रेबीज दिन असतो. त्या दिवशीचं लसीकरण शिबिर या वेळी दवाखान्यात न घेता हॉटेलच्या अंगणात घ्यायचं आम्ही ठरवलं. लस थर्मासमध्ये बर्फात ठेवून नेली, कारण ती २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहिली पाहिजे. आसपासच्या गावांतून लोक सुतळीने, दाव्याने, ओढणीने बांधलेली कुत्री घेऊन आले. कोणी बैलगाडीत घालून आणलं, कोणी मोटारसायकलच्या टाकीवर बसवून. दुपारपर्यंत लस संपली. उरलेल्यांची नावं त्या मुलाने त्याच वहीत लिहून घेतली, मी जिल्ह्याला आणखी लस मागवली, आणि पुढच्या बुधवारी त्यांना पुन्हा बोलावलं.