पाचव्यातून थेट दुसऱ्यात

सेकंडहँड गाड्या विकत घ्यायच्या आधी तपासून द्यायचं माझं काम. गिऱ्हाईक बोलावतं, मी ओबीडी (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचायचं यंत्र) लावतो, गाडीखाली झोपतो, चालवून बघतो आणि शेवटी घ्या किंवा सोडा एवढं सांगतो. बहुतेक वेळा डिझेल एसयूव्ही असतात, त्यामुळे पुण्यातल्या एका आयटीवाल्याने फोन करून दोन पोर्शे केमन स्पोर्ट्स कार बघायच्यात आणि दोन्ही मॅन्युअल आहेत असं सांगितलं तेव्हा मी जरा सरळच होऊन बसलो. आपल्याकडे या गाडीत मॅन्युअल फार कमी, बहुतेकांनी पीडीके, म्हणजे पोर्शेची ऑटोमॅटिक घेतलेली. दोन्ही केमन एस, ३.४ लिटर, ३२० हॉर्सपॉवर, सहा गिअर. एक पांढरी मुंबईत, एक लाल कोल्हापुरात.

आयटीवाल्या साहेबांचं मन आधीच पांढरीवर बसलेलं. एकच मालक, बिझनेसमन माणूस, १९ हजार किलोमीटर, रविवारी मंदिरात जाण्यापुरती बाहेर निघणार. लाल गाडी ३१ हजार चाललेली आणि तिचा मालक कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर जाऊन आलेला, हे त्यानेच फोनवर सांगितलेलं. साहेबांच्या वडिलांनी तर लाल गाडी बघायलाच नको म्हणून निकाल दिला होता. मी म्हटलं काका, पेट्रोल जाळून कोल्हापूरला जाऊन येऊ, नाही आवडली तर पांढरा रस्सा तरी होईल.

पांढरी गाडी आधी बघितली. बेसमेंटमध्ये कव्हर घालून ठेवलेली, पेंट आरशासारखा, सीटवर सुरकुती नाही, सर्व्हिसची फाइल क्रमाने लावलेली. मालक सज्जन माणूस, चहा मागवला, म्हणाले आम्ही ४००० आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) वर कधी नेलीच नाही. खोटं बोलत नव्हते, त्यांच्या समजुतीप्रमाणे खरंच सांगत होते. मी लॅपटॉप जोडला.

आता इथे थोडं थांबून सांगतो, कारण सगळी गोष्ट यावरच आहे. या गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ओव्हर-रेव्हची, म्हणजे इंजिन मर्यादेबाहेर फिरल्याची नोंद ठेवतो. रेडलाइनच्या, म्हणजे त्या मर्यादेच्या आसपासपासून वर सहा रेंज, आणि प्रत्येक रेंजमध्ये किती इग्निशन (प्लगच्या ठिणग्या) झाली आणि शेवटचं कितव्या इंजिन-तासाला झालं ते लिहिलेलं असतं. सहा सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेरीला तीन इग्निशन, म्हणजे ९००० आरपीएमला सेकंदाला ४५०. आकडे मोठे दिसतात पण ते सेकंदांत करून बघायचे, म्हणजे खरं काय ते कळतं. आणि एकूण किलोमीटर भागिले एकूण तास केलं की सरासरी वेग मिळतो, मीटर मागे फिरवलेली गाडी तिथे सापडते. हिचे ६४० तास होते, म्हणजे ताशी ३० च्या आसपास, मुंबईला शोभेल असंच.

पहिल्या तीन रेंजमध्ये किरकोळ आकडे. चौथ्यात ८४, पाचव्यात १३१, सहाव्यात ९६. तिन्हीपुढे तास एकच, ६११.

मी ते दोनदा वाचलं. वरच्या तीन रेंज अशा असतात की इंजिन स्वतःच्या ताकदीने तिथे जाऊच शकत नाही. तुम्ही पायाने पेडल जमिनीत घुसवलं तरी ७५०० ला लिमिटर इंधन तोडतो, काटा तिथेच थरथरतो, विषय संपला. पण लिमिटरच्या हातात फक्त इंधन आणि स्पार्क आहे. चुकीचा गिअर पडला की इंजिनाला चाकं फिरवतात, गाडीचं सगळं वजन मागून ढकलत असतं, तिथे इंधन तोडून काय होणार. याला सगळीकडे मनी शिफ्ट म्हणतात आणि का म्हणतात ते बिल आल्यावर कळतं.

या गाडीत त्याच वेगाला दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन पाचव्याच्या जवळपास दुप्पट फिरतं. पाचव्यात ४७०० वर चाललेली गाडी चौथ्यात घेतली तर काटा ५५०० च्या आसपास जातो, मजेत. तीच दुसऱ्यात पडली तर साडेनऊ हजार. आणि आपल्याकडे उजव्या बाजूच्या स्टिअरिंगला ही चूक व्हायला सोपी पडते, कारण पाचव्यातून खाली येताना लिव्हर आपण आपल्यापासून लांब ढकलतो आणि घाईत मनगटाने जास्त ढकललं की चौथ्याची गल्ली चुकून दुसऱ्याची लागते. खरं तर लिव्हर न्यूट्रलमध्ये आणून हलकं सोडलं की स्प्रिंगने तो आपोआप तिसऱ्या-चौथ्याच्या रांगेत येतो, तिथून तळहाताने सरळ मागे घ्यायचा. मूठ आवळून गिअर ओढणारी माणसं बघितली की माझ्या पोटात गोळा येतो.

मालकांना विचारलं, ही गाडी अजून कोण चालवतं? म्हणाले कोणी नाही. मग थांबून म्हणाले, भाचा एकदा लोणावळ्याला घेऊन गेला होता. ६११ नंतर गाडी २९ तासच चाललेली, ताशी ३० ने माझा हिशोब सांगत होता की हे शेवटच्या ९०० किलोमीटरच्या आतलं आहे. त्यांनी तिथेच स्पीकरवर फोन लावला. पोरगा आधी नाही नाही म्हणत होता, मग म्हणाला, "मामा, एक्स्प्रेसवेवर पुढे ट्रक आला, मी पाचव्याचा चौथा केला तर खाड्‌कन आवाज झाला आणि मागची चाकं सरकली, मी लगेच क्लच दाबला ना. शंभरच असेन फार तर."

मी काही बोललो नाही. दुसऱ्या गिअरमध्ये ७५०० आरपीएमला ही गाडी साधारण सव्वाशेला असते, म्हणजे शंभरला दुसरा टाकला असता तर काटा ६००० ला जाऊन बसला असता आणि ईसीयूने काहीच लिहिलं नसतं. मामांना हे गणित सांगायची गरज नव्हती, त्यांचा चेहरा तसाच उतरला होता.

तिन्ही रेंज मिळून ३११ इग्निशन, म्हणजे पाऊण सेकंदसुद्धा नाही. एवढ्यात काय होतं? वॉल्व्हच्या स्प्रिंगला त्या वेगात वॉल्व्ह वेळेवर बंद करता येत नाही, तो लोंबकळत राहतो आणि पिस्टन येऊन त्याला थोबाडतो. कनेक्टिंग रॉड आणि त्याच्या बोल्टवरचा ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो, ७५०० चे ९५०० झाले की ताण दीडपटीच्याही वर. त्यांच्या परवानगीने दुसऱ्या दिवशी गाडी लिफ्टवर घेतली. केमनचं इंजिन मधे असतं, डिकी उघडली तर ऑइल आणि कूलंट भरायची झाकणं दिसतात, इंजिन दिसतच नाही. चाकं काढून, खालून हात घालून सहा प्लग काढायचे, हाताची सालं निघतात. लीक-डाउन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून किती गळते ते बघायची, सहाही सिलिंडरला छान आली. बोअरस्कोपने, म्हणजे आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने, पिस्टनच्या डोक्यावर वॉल्व्हची चंद्रकोर उमटलीय का बघितलं, नव्हती. पण रॉडचे बोल्ट ताणलेत की नाही हे इंजिन खोलल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही, आणि पुढे कधी इंजिन खोलायची वेळ आली तर ते बिल कोणाच्या खिशातून जाणार हे मला साहेबांना सांगणं भाग होतं.

मग कोल्हापूर. लाल गाडीच्या मालकाने गेटमध्येच हात जोडले आणि म्हणाला, "खोटं कशाला बोलू ओ, गाडी लई पळवलीय, देव्हाऱ्यात ठेवायला घेतली न्हवती." बंपरवर दगडांचे टवके, मागचे टायर संपत आलेले, ब्रेकच्या डिस्कला कड आलेली. साहेब माझ्याकडे बघायला लागले. लॅपटॉप जोडला तर पहिल्या रेंजमध्ये ४२०० इग्निशन, दुसऱ्यात दोनेकशे, तिसऱ्यापासून वर सगळे शून्य. साहेब म्हणाले बाप रे, ४२००! मी म्हटलं, सगळं मिळून बारा सेकंद होतात. आयुष्यभरात बारा सेकंद लिमिटरला टेकवलीय, आणि तेही गिअर वर चढवताना. इंजिन त्यासाठीच बनवलेलं असतं.

त्याच्यासोबत कागलच्या बाजूला चक्कर मारून आलो. मी त्याच्या पायाकडे आणि हाताकडेच बघत होतो. निघाल्यावर बराच वेळ ३५०० च्या वर गेला नाही. कूलंटचा काटा जागेवर आला तरी नाही, कारण पाणी आधी तापतं आणि ऑइल मागून येतं, थंड जाड ऑइलवर रेव्ह करणं म्हणजे बेअरिंगशी वैर. मग रस्ता मोकळा झाल्यावर दुसरा ७२०० पर्यंत ताणला आणि तिसरा टाकला, काटा ५२०० ला येऊन बसला. जास्तीत जास्त पॉवर ७२०० ला आणि जास्तीत जास्त टॉर्क ४७५० ला, म्हणजे गिअर बदलून गाडी बरोबर खाऊच्या पट्ट्यात. त्यापुढे लिमिटरपर्यंत ताणण्यात आवाजाशिवाय काही हाती लागत नाही. खाली येताना आधी ब्रेकने वेग कमी, मग क्लच, इंजिनाचा वेग खालच्या गिअरशी जुळावा म्हणून ॲक्सिलरेटरला टिचकी, मग गिअर, आणि क्लच सोडला तरी गाडीने मान हलवली नाही. कुठे शिकला विचारलं तर म्हणाला, "दोन क्लच जाळून."

मी लाल घ्या म्हटलं. दोन दिवस घरात वाद झाला, वडील म्हणाले रगडलेली गाडी घेणार का, शेवटी टायर आणि डिस्कचे पैसे कापून लालच घेतली. पांढरी पण नंतर गेली, किंमत बरीच खाली आणून. मालकाने रिपोर्ट प्रिंट काढून फाइलला लावला होता, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच पाहिजे.

गाडी आणताना साहेब चालवत होते आणि मी शेजारी. जपून चालवायची म्हणून साताऱ्यापासून सहाव्यातच. कात्रजच्या नव्या बोगद्याच्या अलीकडच्या चढाला पुढे कंटेनर, वेग साठावर आलेला, काटा १५०० ला, आणि यांनी सहाव्यातच पेडल दाबून धरलं. गाडी आतून गुरगुरायला लागली. मी म्हटलं सोडा पाय, इंजिन कण्हतंय, एवढ्या कमी रेव्हला एवढा जोर लावला की सगळा दाब बेअरिंगवर येतो, तिसरा टाका. ते म्हणाले आवाज किती होईल. म्हटलं होऊ दे. न्यूट्रलमध्ये आणून सोडा, आता तळहाताने सरळ पुढे. काटा २६०० ला आला आणि कंटेनर मागे राहिला.

"पण असं चालवलं तर ॲव्हरेज किती देईल?"

"ते कोल्हापूरला जायच्या आधी विचारायचं होतं, साहेब."